मोजणी बरोबर होती

सही कुठे करायची ते सरांनी पेन्सिलीने फुली मारून दाखवलं होतं. जणू कागदाचा तळ कुठे असतो हेही ताईंना कळत नव्हतं.

"वाचून घ्या हवं तर," सर म्हणाले. "नुसती फॉर्मॅलिटी आहे."

ताईंनी वाचलं. मग चष्मा काढला, ओढणीच्या टोकाला पुसला आणि पुन्हा वाचलं. चारच ओळी होत्या. तक्ता क्रमांक दोनमधल्या पेशी मोजताना तंत्रसाहाय्यकाकडून चूक झाली, सबब सदर मोजणी ग्राह्य धरू नये. खाली त्यांचं पूर्ण नाव, हुद्दा आणि तारखेसाठी टिंबटिंब.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, ती ताईंची गेली आणि तिथेच बसली. बावीस वर्षं! बावीस वर्षं ही बाई एकाच स्टुलावर बसून सूक्ष्मदर्शकात डोळे घालून पेशी मोजत होती. अख्खी इमारत त्यांना मोजणीताई म्हणायची. वॉचमनसुद्धा. आणि आता कागदावर काय, तर मोजणीच चुकली!

"सर, ही मोजणी मी तीनदा केली होती," ताई म्हणाल्या. "दोन हजार पेशी. तीनदा."

"हो हो, मला माहितीये. पण जर्नलला काहीतरी उत्तर द्यायला हवं ना? पुढच्या शुक्रवारपर्यंत द्यायचंय. तुमच्या नोकरीला धक्का लागणार नाही, मी आहे ना."

मी आहे ना! हे तीन शब्द ऐकले की समजावं, आपलं काहीतरी जाणार. ताईंनी कागदाची घडी घातली, पर्समध्ये टाकली आणि "शुक्रवारी बघू" म्हणून निघाल्या. दार त्यांनी आपटलं नाही. ते सुटलं हातातून, बस्स.

आता हे प्रकरण काय ते आधी सांगायला हवं, नाहीतर ताई उगाच आकांडतांडव करताहेत असं वाटायचं. सरांच्या या प्रयोगशाळेत यीस्ट वाढवतात. तेच, पाव फुगवणारं. यीस्टच्या पेशीला बाजूने कोंब फुटतो, कोंब मोठा होतो, तुटून वेगळा होतो, झाली नवी पेशी. पण जिथून तो तुटला तिथे आईच्या अंगावर एक गोल व्रण राहतो, कायमचा. एक खास रंग लावून जांभळ्या प्रकाशात बघितलं की हे व्रण निळ्या कड्यांसारखे चमकतात. जितकी कडी तितकी बाळंतपणं. त्या व्रणाच्या जागी पुन्हा कोंब म्हणून फुटत नाही. मग पुढचा कुठे फुटणार? तेही ठरलेलं असतं. एकेरी पेशी असेल, म्हणजे जिच्यात गुणसूत्रांचा एकच संच आहे अशी, तर ती मागच्या व्रणाला खेटून पुढचा कोंब काढते. त्याच्या शेजारी पुढचा. शर्टाच्या बटणांसारखी रांग लागते. आणि दोन एकेरी एकत्र येऊन झालेली दुहेरी पेशी असेल, तर ती दोन्ही टोकांना कोंब काढते, कधी या टोकाला, कधी त्या. यात मनमानी नाही. डोळे नसलेली, डोकं नसलेली एवढीशी पेशी, पण आपण कुठे दुभंगायचं हे तिला चोख ठाऊक असतं. ताईंना याचं बावीस वर्षांनंतरही कौतुक वाटायचं.

सरांनी एकेरी पेशीतून एक जीन काढून टाकला. त्या पेशी ताईंनी मोजल्या आणि काय, तर शंभरातल्या ब्याऐंशी पेशींनी रांग सोडून दोन्ही टोकांना कोंब काढलेले! सरांनी लिहिलं, मागच्या व्रणाचा पत्ता पेशीला हाच जीन सांगतो. पेपर छापला गेला. सरांचा फोटो खालच्या मजल्यावर लिफ्टशेजारी लागला, हात बांधून, किंचित वर बघताना. ताईंचं नाव पेपरात शेवटच्या ओळीत होतं, मोजणीच्या मदतीबद्दल आभार. तेवढ्यावर त्या खूश होत्या, उगाच खोटं कशाला बोला.

आणि आता दुसऱ्या कुठल्याशा प्रयोगशाळेने तोच जीन नव्याने काढून बघितला, तर त्यांच्या पेशींनी शहाण्यासारखी रांग लावली. बटणांसारखी. त्यांनी जर्नलला कळवलं, जर्नलने सरांना विचारलं, सरांनी इकडे तिकडे बघितलं आणि खापर फोडायला त्यांना ताईंचं डोकं सापडलं.

जिन्याखालच्या मोठ्या फ्रीजमधून ताईंनी त्याच दुपारी जीन काढलेल्या पेशींची ती नळी काढली. उणे ऐंशी अंशांचा फ्रीज, हातमोज्यातूनसुद्धा बोटं बधिर होतात. नळीतला बर्फ सुईएवढा खरवडला, खाऊपाण्यात टाकला, वाढायला ठेवला. दुसऱ्या दिवशी, म्हणजे याच शुक्रवारी सकाळी, रंग लावून स्टुलावर बसल्या.

शेजारी थिसिस येऊन उभी राहिली. थिसिस म्हणजे सरांची पीएचडीची विद्यार्थिनी. तिला काहीही विचारा, चहा घेतेस का विचारा, ती म्हणायची, "थिसिस झाला की." तिची तीन वर्षं याच नळीतल्या पेशींवर गेली होती, आणि त्या पेपरात सरांच्या खालोखाल नाव तिचं होतं.

"मी सरांना सांगितलं," थिसिस म्हणाली. "म्हटलं, ताईंची मोजणी चुकणं शक्य नाही. तर मला म्हणाले, तू तुझं बघ."

"तू तुझंच बघ बाई. इथे उभी राहून माझ्या प्रकाशात येऊ नकोस."

दुपारपर्यंत दोनशे पेशी झाल्या. एकशे त्रेसष्ट दोन्ही टोकांवाल्या. शंभरात साडेएक्याऐंशी. ताईंनी पेन ठेवलं ते असं की टोपण उडून बेसिनमध्ये गेलं.

"बघ! बघ आता! चुकली का मोजणी? डोळे फुटले का माझे?"

थिसिसने स्वतः बसून पन्नास मोजल्या. तिचाही आकडा तोच. मोजणी बरोबर आणि त्या दुसऱ्या प्रयोगशाळेवालेही खोटे नाहीत, मग आहे काय हे?

घरी गेल्यावर ताईंनी नवऱ्याला सगळं सांगितलं. सांगितलं म्हणजे काय, आदळआपट करत ऐकवलं. नवरा शिंपी. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं दुकान, मशिनशेजारी इस्त्री, इस्त्रीशेजारी मांजर. तो तोंडात टाचण्या धरून पँटची शिवण उसवत होता.

"करून टाक ना सही," तो टाचण्यांमधून म्हणाला. "नोकरी तर राहतेय."

"अहो, तुम्हाला काही वाटतं का? उद्या कोणी म्हटलं की तुम्हाला माप घेता येत नाही, तर सही कराल?"

"मी म्हणेन कापड आटलं."

"थट्टा सुचतेय तुम्हाला!"

"थट्टा नाही गं." त्याने टाचण्या काढून उशीत खोचल्या. "माप बरोबर आणि शर्ट बसत नाही, असं एकदा झालं होतं माझ्याकडे. पार वेड लागायची पाळी आली. तीनदा टेप लावली, तीनदा बरोबर. शेवटी कळलं, माप एकाने दिलं होतं आणि घालून बघायला त्याचा भाऊ आला होता. जुळा. मेल्यांनी सांगितलंही नाही."

ताई बोलायच्या थांबल्या. त्या थांबल्या की नवरा सावध व्हायचा. त्याने मान वर केली.

"काय झालं?"

"जाड होत्या हो त्या," ताई म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून जाड होत्या."

दुहेरी पेशी एकेरीपेक्षा अंगाने भरलेली असते. आणि कुठलाही जीन न काढता, कुठलीही खोड न करता, दोन्ही टोकांना कोंब काढते. तिचा तो नियमच आहे. नळीवर एकेरी लिहिलं होतं म्हणून सगळ्या जगाने एकेरी मानलं. आत दुहेरी असेल तर? मग पेशी काही विसरल्या नव्हत्या. त्या बिचाऱ्या आपल्या नियमाने वागत होत्या आणि वर त्यांच्या नावावर शोध लागला होता!

शनिवारी सकाळी ताईंनी त्या पेशी उपाशी ठेवल्या. याला फार अक्कल लागत नाही. दुहेरी पेशीची उपासमार केली की ती चार-पाच दिवसांत आपल्या पोटात चार बीजं बांधते, एका पिशवीत चार दाणे. एकेरी पेशी उपाशी मेली तरी असं करणार नाही, तिला ते येतच नाही. शेजारी दुसऱ्या नळीतली, खात्रीची एकेरी पेशीही ठेवली, म्हणजे उद्या कोणी फाटे फोडायला नको.

ते पाच दिवस ताईंनी कसे काढले ते त्यांच्या घरच्यांना विचारा. मांजरसुद्धा पुढच्या खोलीतून हललं नाही. सर रोज येता-जाता विचारत होते, "झाली का सही?" आणि ताई रोज सांगत होत्या, "शुक्रवार कधी आहे सर?"

गुरुवारी सूक्ष्मदर्शकाखाली काच लावली. खात्रीची एकेरी, काही नाही, सुरकुतलेल्या पेशी. मग दुसरी काच. थिसिस मागे उभी.

एक पिशवी, चार दाणे. तिच्या शेजारी आणखी एक पिशवी. काच सरकवली, पुन्हा तेच. सगळीकडे चार-चार दाण्यांच्या गच्च पिशव्या.

"दुहेरी!" ताईंनी टेबलावर थाप मारली. "मोजणी बरोबर होती! ब्याऐंशी होत्या म्हणजे ब्याऐंशीच होत्या! कुठे आहेत सर? बोलाव त्यांना!"

थिसिसने वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तिने डोकं वर काढलं.

"ताई, माझ्यासुद्धा पेशी याच नळीतल्या आहेत."

हे ताईंच्या ध्यानात आलं नव्हतं. अगदी खरं सांगायचं तर त्यांनी येऊ दिलं नव्हतं.

"तीन वर्षं," थिसिस म्हणाली. मग तिचा आवाज चढला. तो कधी चढत नसे. "कोणी केलं हे? एकेरीत दुहेरी आली कुठून? कोणी भरली ही नळी? मला त्याचं नाव हवंय ताई. आत्ताच्या आत्ता."

"थांब, बघू. रजिस्टरमध्ये असेल."

थिसिस तोंडावर पाणी मारायला बेसिनकडे गेली. ताईंनी कपाटातून चार वर्षांपूर्वीचं रजिस्टर काढलं, नळीचा क्रमांक शोधला, पान उलटलं.

पानावर एक गोल काढला होता, पेशी वाढवायच्या चपट्या प्लेटचा. गोलात पेशींच्या सोळा रेघोट्या, एकीला एक खेटून. जीन काढलेल्या एकेरी पेशींचे दोन्ही प्रकार त्यात होते. एकेरीत दोन प्रकार असतात, नर-मादी म्हणा हवं तर, दिसायला सारखेच. जवळ आले की एकत्र होतात आणि दुहेरी बनतात. म्हणूनच ते लांब ठेवायचे, एका प्लेटमध्ये चारच्या वर रेघोट्या ओढायच्या नाहीत. हे शिकाऊ पोरांना पहिल्या दिवशी सांगतात. ताईच सांगायच्या.

आणि गोलाखाली टपोऱ्या, वळणदार अक्षरात लिहिलं होतं, "चार प्लेटांचं काम एका प्लेटमध्ये बसवलं."

ते अक्षर ताईंचं होतं.

त्या वर्षी प्लेटांची टंचाई होती. ताईंनी जागा वाचवून दाखवली आणि सरांनी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, शिका यांच्याकडून काटकसर. किती मान ताठ झाली होती तेव्हा! रेघोटीच्या काठावरून काडी लावली, सरळ नळीत भरली, नळी फ्रीजमध्ये. काठावर शेजारची पेशी येऊन मिसळली असेल हे मनातसुद्धा आलं नाही. दोन्हींतून जीन काढलेलाच होता, त्यामुळे जीन गेला की नाही ही तपासणी मजेत पास झाली.

बेसिनचा नळ चालू होता. थिसिसची पाठ इकडे होती. रजिस्टर मिटता आलं असतं. पान सापडत नाही म्हणता आलं असतं, चार वर्षांपूर्वीचं कोण लक्षात ठेवतं? ताईंच्या मनात हे आलं, आणि आलं म्हणून त्यांना स्वतःची अशी चीड आली, अशी चीड आली, की सरांचीसुद्धा तेवढी आली नव्हती.

"इकडे ये," त्या म्हणाल्या. "मी केलंय."

थिसिसने पान वाचलं. पाणी हनुवटीवरून टपटप रजिस्टरवर पडत होतं. पर्स घेतली आणि निघून गेली. दोन शिव्या दिल्या असत्या तर ताईंना बरं वाटलं असतं.

शुक्रवारी सकाळी ताई सरांच्या खोलीत गेल्या, काच घेऊन आणि रजिस्टर घेऊन. सगळं सांगितलं. एक शब्द लपवला नाही. सर हुशार माणूस, त्यांना अर्ध्यातच कळलं. ते उठले, दार लावून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "हे आणखी कोणाला माहितीये?"

"थिसिसला."

"तिला मी बघतो. ताई, नीट ऐका. मोजणीची चूक म्हटली तर एक तक्ता जातो. एकच. नळीची चूक म्हटली तर सगळं जातं. हा पेपर, आधीचे दोन, चालू असलेलं अनुदान, तिची पीएचडी. कळतंय का?"

"कळतंय."

"मग? तुम्ही चूक कबूल करायला आलाच आहात. ही करा." आणि त्यांनी तो फुली मारलेला कागद, दुसरी प्रत, ड्रॉवरमधून काढून पुढे सरकवला. तयारच ठेवली होती!

ताईंना वाटलं होतं, सर ओरडतील. त्या तयारीनेच त्या आल्या होत्या. शिव्या खायला, चौकशीला, निवृत्तीला चौदा महिने राहिलेले असताना घरी बसायला. पण हे? त्यांचे शब्द असे फुटले की बाहेर पॅसेजमध्ये ऐकू गेले.

"म्हणजे माझी खरी चूक तुम्हाला नको! खोटी पाहिजे! खरीने तुमचं नुकसान होतं, खोटीने फक्त माझं, म्हणून खोटी बरी!"

"हळू बोला."

"का हळू बोलू? बावीस वर्षं हळूच बोलले. या पेशी पहिल्यांदा बघितल्या तेव्हा हळूच बोलले होते, सर, या जाड दिसतात. तुम्ही काय म्हणालात? तुम्ही मोजा, विचार मी करतो! आठवतंय?"

सरांना आठवत होतं. त्यांच्या मानेवर तांबडं चढलं त्यावरून कळलं.

"चूक कोणाची आहे शेवटी?" तेही आता चिडले. "प्लेट कोणी भरली? मी भरली?"

"मी भरली! तेच तर सांगतेय मघापासून! चूक माझी आहे सर. पण ती कुठली, हे तुम्ही नाही ठरवायचं."

"चौकशी लागली तर मी मध्ये पडणार नाही."

"पडूच नका."

ताईंनी त्यांच्याच टेबलावरचा कोरा कागद ओढला आणि त्यांच्यासमोर उभ्याउभ्या लिहिलं. मोजणी बरोबर होती. पेशी चुकीच्या होत्या. त्या अमुक तारखेला माझ्या हातून मिसळल्या, कारण एका प्लेटमध्ये मी चारऐवजी सोळा रेघोट्या ओढल्या. यानंतर पेशींचा प्रकार तपासला गेला नाही. खाली सही केली. फुली लागली नाही.

आता हा कागद जर्नलला पाठवायचा कोणी? ताईंना आपल्या नावाने ते शक्यच नव्हतं. ज्यांचं नाव आभारात, त्यांचं पत्र कोण वाचतो? पाठवू शकणारी माणसं दोनच. एक मघाशी दार लावून घेणारे, आणि दुसरी थिसिस.

ती आपल्या टेबलाशी बसली होती. डोळे सुजलेले. समोर तिच्या प्लेटांची चळत, एकेकीवर बारीक अक्षरात तारीख. ताईंनी कागद आणि रजिस्टर तिच्यापुढे ठेवलं आणि दोन पावलं मागे सरकून उभ्या राहिल्या. पाठव म्हणण्याचं तोंड नव्हतं त्यांना. नको पाठवू म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

थिसिसने वाचलं. पॅसेजमधून सरांचा आवाज आला, "जरा माझ्या खोलीत ये, बोलायचंय." तिने ताईंच्या पत्राचा फोटो काढला, रजिस्टरच्या पानाचा काढला, पिशव्यांमधल्या चार-चार दाण्यांचा कालच काढून ठेवला होता. कॉम्प्युटरवर दोन ओळी लिहिल्या, तिन्ही फोटो जोडले. सरांची पावलं दारापर्यंत आली तेव्हा तिने बटण दाबलं. पत्र गेलं, आणि त्याच्याबरोबर तिची तीन वर्षंही गेली.

सर दारातच थांबले. स्क्रीनवर काय दिसतंय ते त्यांनी वाचलं आणि आले तसे परत गेले.

ताईंच्या मनात खूप काही दाटून आलं. तिच्या डोक्यावरून हात फिरवावा, शाबास म्हणावं, माफ कर म्हणावं. त्या पुढे झाल्या. टेबलाच्या कडेला प्लेटांची चळत कलली होती, सवयीने त्यांनी ती सरळ करायला हात लावला.

"नको," थिसिस म्हणाली. तिने चळत आपल्याकडे ओढून घेतली. "ताई, आजपासून माझ्या प्लेटला हात लावायचा नाही. कधीच नाही."

आठ दिवस ताई सगळ्या जगाला फाडून खात होत्या. सरांना, नवऱ्याला, मांजराला. प्रत्येकाला त्यांच्याकडे उत्तर होतं.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि हात मागे घेतला.